पात्र-अपात्रचा धंदा



'पुनर्वसन' हा शब्द आता आपल्याच तोंडात रुळलाय. मोर्च्याच्या फलकावर तो आहे, निवेदनाच्या पहिल्या ओळीत आहे, वस्तीतल्या मंडळाच्या लेटरहेडवरसुद्धा आहे. 'आधी पुनर्वसन, मग पाडकाम' ही घोषणा मी दिलेली आहे, उद्याही देईन. पण हा शब्द सरकारी ऑफिसात शिरला की त्याचं काय होतं, ते एकदा उघडं करून बघायला पाहिजे. तिथे शिरला की त्याची एक यादी होते. यादीच्या डोक्यावर एक तारीख बसते. तारखेआधीचा पात्र, तारखेनंतरचा अपात्र. माणूस तोच, गल्ली तीच, नळाची रांग तीच. पण एकाला घर आणि दुसऱ्याला बुलडोझर.

माझं म्हणणं एवढंच आहे की माणसं हलवणारं ऑफिस सगळ्यात आधी माणसं वजा करतं. वजाबाकी करून जे उरतात त्यांना घर मिळतं, आणि त्यांच्या फोटोला पुनर्वसन म्हणतात. आपण फोटोत कोण आहे ते मोजतो. वजा कोण झालं ते मोजत नाही.

ही यादी बनते कशी ते आधी पाहू, कारण आपले निम्मे कार्यकर्ते यादी लागल्यावर जागे होतात.

पुण्यात २००५ पासून झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण आहे. लोक त्याला एसआरए म्हणतात. मागे १९७१ चा कायदा आहे, महाराष्ट्र झोपडपट्टी क्षेत्र सुधारणा, निर्मूलन व पुनर्विकास अधिनियम. नावातले तीन शब्द नीट वाचा. पहिला सुधारणा, म्हणजे नळ, संडास, दिवा, फरशी. दुसरा निर्मूलन. तिसरा पुनर्विकास. पन्नास वर्षांत सरकार पहिल्या शब्दावरून तिसऱ्या शब्दावर कधी सरकलं ते आपल्याला कुणी सांगितलं नाही. आता नळ मागायला गेलं की उत्तर मिळतं, "तुमची तर स्कीम येणारे, नळ कशाला?" स्कीम दहा वर्षं येत नाही आणि नळही येत नाही.

स्कीम घेऊन सरकार येत नाही, बिल्डर येतो. तो वस्तीत माणसं पाठवून संमतीपत्रं गोळा करतो. ही माणसं परकी नसतात. आपलीच पोरं असतात, कधीकधी गळ्यात निळा गमछाही असतो. ठरलेले टक्के भरले की उरलेल्यांची संमती असो नसो, त्यांना काढता येतं. मग सर्व्हे होतो. दारावर नंबर पडतो. पूर्वी ऑइल पेंटने पडायचा, आता मोबाईलवर फोटो आणि मशीनवर अंगठा. आणि मग एका सकाळी परिशिष्ट दोन लागतं. वस्तीतल्या शेंबड्या पोराला हा शब्द माहीत आहे. अनुक्रमांक, झोपडीधारकाचं नाव, निवासी की बिगरनिवासी, क्षेत्रफळ, पुरावे, आणि शेवटच्या रकान्यात निकाल.

पात्र व्हायला दोन प्रकारचे कागद लागतात. एक, ठरलेल्या तारखेआधी तू इथे होतास याचा. दुसरा, आजही तू इथेच आहेस याचा. मतदारयादी, लाइटबिल, रेशनकार्ड, फोटोपास. ज्याचं आयुष्य एका जागी बसून गेलं त्याच्याकडे हे सगळं असतं. पण एका जागी बसून आयुष्य कुणाचं जातं? वडारांचं? बांधकामावर बिगारी करणाऱ्या मातंगाचं? नवऱ्याने टाकल्यावर माहेरी आणि माहेराने टाकल्यावर पुन्हा वस्तीत आलेल्या बाईचं? जो जितका हलवला गेला, त्याच्याकडे तितके कागद कमी. आणि त्यालाच हे ऑफिस विचारतं की तू हलला नव्हतास याचा पुरावा दे.

आता चूल बघा. एका झोपडीत तीन भाऊ, तीन संसार, तीन चुली. यादीत झोपडी एक म्हणून घर एक. पोटमाळ्यावर राहणारं कुटुंब जमिनीवर राहत नाही म्हणून ते मोजायचंच नाही. पंधरा वर्षं भाडं भरणारा भाडेकरू धारक नाही. यादी लागायच्या आधी हे सगळे एका वस्तीचे होते. यादी लागल्यावर भाऊ भावाला म्हणतो, "तू कशाला बोलतो, नाव माझं आहे." वस्ती पाडायला बुलडोझर लागतो असं आपण समजतो. यादीने ती आधीच आतून पाडलेली असते.

आमची वस्ती ओढ्याकाठी आहे. पुरात एका म्हातारीचं घर छातीपर्यंत बुडालं. पत्र्याची पेटी गेली, पेटीत रेशनकार्ड होतं, नवऱ्याच्या नावची जुनी पावती होती. मी तिला घेऊन एका सरकारी टेबलापुढे उभा राहिलो. साहेब म्हणाले, "आजी, जुनं रेशनकार्ड आणा." ती म्हणाली, "बाबा, त्ये पाण्यात गेलं." साहेब म्हणाले, "मग पाण्यात गेलं याचा पंचनामा आणा." पंचनामा झाला होता तो घर क्रमांकावर, आणि घर क्रमांक होता दिराच्या नावावर. साहेब काही वाईट माणूस नव्हता. त्याने खुर्ची दिली, पाणी दिलं. पण त्या टेबलाला म्हातारी दिसत नव्हती. तिथे फक्त कागद दिसतात. आमच्या वस्तीत त्या बाईच्या हातून दोन पिढ्यांची बाळंतपणं झाली, आणि सरकारदरबारी ती तिथे राहतच नव्हती!

पूर म्हटलं की पुण्याला १२ जुलै १९६१ आठवतो. पानशेतचं धरण फुटलं, मागोमाग खडकवासला गेलं, नदीकाठच्या पेठा वाहून गेल्या. धरण सरकारचं होतं. पूरग्रस्तांसाठी सरकारने वसाहती उभ्या केल्या. गोखलेनगर, लोकमान्यनगर, सहकारनगर ही नावं त्यातूनच शहराला मिळाली. त्या लोकांचेही हाल झाले. काहीजण अर्धगोल पत्र्याच्या निसेन हटमध्ये राहिले, जागेच्या मालकीसाठी अर्ज करता करता म्हातारे झाले. त्यांच्याशी माझं भांडण नाही. पण ते 'पूरग्रस्त' होते. शहराने त्यांना आपलं मानलं.

आता २५ सप्टेंबर २०१९ ची रात्र बघा. आंबिल ओढा फुगला. अरण्येश्वरच्या टांगेवाले कॉलनीत भिंत कोसळून माणसं मेली. शहरभर माणसं, जनावरं, गाड्या वाहून गेल्या. ओढ्याच्या पात्रात भराव कुणी घातला, प्रवाह कुणी वळवले, सोसायट्यांच्या संरक्षक भिंती कुठपर्यंत आल्या, याचा हिशोब कुठेतरी फायलीत असेल. पण ओढा सरळ करायचं ठरलं तेव्हा वाटेत दिसली ती वस्ती. २४ जून २०२१ ला सकाळी दांडेकर पुलाजवळच्या आंबिल ओढा वस्तीत महापालिकेची यंत्रं शिरली. पावसाळा सुरू होता. कोरोना होता. लोकांना 'घरात राहा' सांगण्याचे दिवस होते, आणि त्याच दिवसांत घर काढून घेतलं. बाया यंत्रापुढे आडव्या झाल्या. त्याच दिवशी कोर्टाची स्थगिती आली, पण तोवर कितीतरी संसार रस्त्यावर आले होते.

१९६१ साली पूर आला तेव्हा शहराने बुडालेल्यांना घरं दिली. २०१९ साली पूर आला आणि दोन वर्षांनी बुडालेल्यांचीच घरं पाडली. साठ वर्षांत पाण्याचा स्वभाव बदलला नाही. 'पूरग्रस्त' या शब्दात कोण बसतं आणि 'अतिक्रमण' या शब्दात कोण बसतं, एवढंच या दोन पुरांमधलं अंतर.

हे दुःख फक्त आपल्याच वाट्याला आलंय असं समजू नका. १९७२ साली आपल्या पोरांनी अमेरिकेतल्या काळ्या पँथरांकडे बघून दलित पँथर हे नाव घेतलं. त्याच अमेरिकेत, त्याच दशकात, आणखी एका समाजावर हाच यादीचा प्रयोग चालला होता. तिकडे आपलं लक्ष गेलं नाही. आता घालूया.

ॲरिझोना राज्यात नवाहो आणि होपी हे दोन आदिवासी समाज शेजारी राहतात. नवाहो स्वतःला 'दिने' म्हणवतात, मेंढरं पाळतात, माळावर विखरून राहतात. होपी डोंगरसोंडांवरच्या गावांत राहतात, मका पिकवतात. १८८२ साली राष्ट्राध्यक्ष आर्थर यांनी नकाशावर पट्टी ठेवून एक चौकोन आखला आणि म्हटलं, ही जमीन होपींची, आणि सरकार ज्या इतर इंडियनांना वसवेल त्यांची. त्या चौकोनात नवाहो आधीपासून होते, पुढे आणखी वाढले. होपींची तक्रार खोटी नव्हती. त्यांच्या माळावर दुसऱ्यांची मेंढरं चरत होती. पण या भांडणाला धार कधी आली? ब्लॅक मेसाच्या पोटात कोळसा आहे हे कळल्यावर. जमीन कुणाची हे ठरल्याशिवाय करार कुणाशी करायचा? १९६२ साली कोर्टाने जमीन दोघांची सामाईक ठरवली. १९६४ आणि १९६६ साली पीबॉडी या कोळसा कंपनीशी करार झाले. १९६६ साली लगतच्या सुमारे पंधरा लाख एकरांवर बांधकामबंदी आली. दोन्ही जमातींची संमती असल्याशिवाय नवं घर नाही, जुन्याची दुरुस्ती नाही. अधिकाऱ्याच्या नावावरून तिला 'बेनेट फ्रीझ' म्हणतात. ती २००९ साली उठली. त्रेचाळीस वर्षं छपराला हात लावायचा नाही! आपल्याकडच्या अघोषित झोपडपट्टीत राहणाऱ्याला हे समजावून सांगावं लागणार नाही.

मग २२ डिसेंबर १९७४ ला अमेरिकन काँग्रेसने कायदा केला. सामाईक जमीन, सुमारे अठरा लाख एकर, अर्धी अर्धी कापायची. मध्ये काटेरी तार. चुकीच्या बाजूला जो सापडेल त्याने उठायचं. चुकीच्या बाजूला सापडले शेकडा-दीडशे होपी आणि दहा हजारांच्या वर नवाहो. त्यांना हलवायला तीन सदस्यांचं कमिशन बसलं, १९८८ नंतर त्याचं स्वतंत्र ऑफिस झालं. सुरुवातीचा अंदाज होता चार कोटी डॉलर. खर्च गेला पन्नास कोटींच्या वर. उठण्याची शेवटची तारीख होती ६ जुलै १९८६. ती तारीख उलटून गेल्यावर तीस-पस्तीस वर्षांनीही ऑफिस चालूच होतं, अर्जांची आणि अपिलांची भांडणं चालूच होती.

आणि लाभ कुणाला? २२ डिसेंबर १९७४ या तारखेला तू त्या जागी राहत होतास हे सिद्ध कर. कुटुंबप्रमुख होतास हे सिद्ध कर. मेंढपाळ समाज! हिवाळ्यात एक जागा, उन्हाळ्यात दुसरी. मजुरीला तरणीताठी पोरं शंभर मैलांवर. नवाहोंमध्ये वंश आईकडून चालतो, घर आणि चराईचा हक्क बाईच्या नात्याने जातो. ऑफिसच्या फॉर्मवर रकाना 'कुटुंबप्रमुख'. शाळेला गेलेली पोरं, मजुरीला गेलेला जावई, सगळ्यांचा राहण्याचा पत्ता वादात. कितीतरी अर्ज फेटाळले गेले. त्यातले काही वर्षानुवर्षं कोर्टात भांडत राहिले. ॲरिझोनातला परिशिष्ट दोनच आहे हा. फक्त इंग्रजीत.

जे पात्र ठरले त्यांचं काय झालं तेही बघा. सुरुवातीला ज्यांना शहरांत पक्की घरं दिली, त्यांतल्या पुष्कळांच्या हातून ती काही वर्षांत गेली. ज्या माणसाने कधी घरपट्टी भरली नाही, वीजबिल पाहिलं नाही, ज्याचं धन म्हणजे मेंढरं, त्याला मेंढरं विकायला लावून कॉलनीत बसवला. मग कर थकला, कर्ज काढलं, घर गेलं. पुढे काहींना सँडर्सजवळ 'नवी जमीन' दिली, पुएर्को नदीच्या काठाला. याच नदीत वरच्या अंगाला १९७९ साली चर्च रॉक इथे युरेनियम कारखान्याचा बांध फुटून किरणोत्सारी पाणी गेलं होतं. कुणाची जागा घेतली, आणि बदल्यात कुठली दिली!

बिग माउंटनच्या म्हाताऱ्या उठल्या नाहीत. कुंपण घालणाऱ्यांना आडव्या गेल्या. त्यांची मेंढरं जप्त झाली, छपरं दुरुस्त करू दिली नाहीत. शेवटी १९९६ च्या कायद्याने त्यांना पंच्याहत्तर वर्षांचा भाडेकरार पुढे केला. आजीच्या आजीची जमीन, आणि नात तिथे भाडेकरू. इकडे कोळसा तीस-पस्तीस वर्षं पाण्यात कालवून नळातून नेवाडातल्या वीजकेंद्राला जात राहिला. वाळवंटातलं पिण्यालायक पाणी कोळसा वाहायला वापरलं! ते वीजकेंद्र २००५ अखेर बंद झालं, शेवटची खाण २०१९ साली. कंपनीचं काम झालं. माणसांचं अजून व्हायचंय.

यातून आपण काय घ्यायचं? तिकडचे लोक बिचारे म्हणून हळहळायचं नाही. तीन गोष्टी घ्यायच्या.

पहिली. दोन गरिबांच्या मध्ये तार टाकली की वरचा मोकळा होतो. तिथे नवाहो विरुद्ध होपी. इथे पात्र विरुद्ध अपात्र, धारक विरुद्ध भाडेकरू, जुने विरुद्ध नवे, बौद्ध विरुद्ध मातंग, दोघे मिळून मुसलमानाविरुद्ध. होपीला वाटलं सरकार आपल्या बाजूचं आहे. आपल्या पात्रालाही तसंच वाटतं. यादीत नाव आलेला माणूस दुसऱ्या दिवसापासून यादीचा वकील होतो.

दुसरी. पक्कं घर म्हणजे जगणं नव्हे. शिवाजीनगरच्या कामगार पुतळा वस्तीतली माणसं मेट्रोसाठी विमाननगरला गेली. शहराच्या पोटातून कडेला. ज्या बाईची चार घरची धुणीभांडी चालत जाण्याच्या अंतरावर होती, तिने रोज किती बस बदलायच्या आणि चार घरांतली किती ठेवायची, हा रकाना कुठल्या परिशिष्टात आहे? लिफ्टचा मेंटेनन्स, पाण्याच्या मोटरचं बिल, सोसायटीची वर्गणी. घर फुकट मिळालं म्हणतात, आणि दर महिन्याला ते विकत घ्यावं लागतं. आणि फुकट तरी कुठलं? वस्ती ज्या जमिनीवर पसरली होती ती गोळा करून माणसं एका उभ्या इमारतीत रचायची, आणि मोकळ्या झालेल्या जमिनीवर विक्रीची इमारत उठवायची. त्या इमारतीच्या पैशातून आपलं घर झालंय. दान घेतलेलं नाही आपण. उलट दिलंय.

तिसरी, आणि सगळ्यात मोठी. तारीख हे हत्यार आहे. साथी, ही तारीख कुठल्या खडकावर कोरलेली नाही. महाराष्ट्रात ती १९७६ होती, मग १९८०, मग १९८५, मग १ जानेवारी १९९५, मग १ जानेवारी २०००. २००० ते २०११ मधल्यांना पैसे भरून. बघा, निवडणूक आली की ती पुढे सरकते. म्हणजे ती न्यायाची तारीख नाही, सौद्याची आहे. १९८५ साली सुप्रीम कोर्टाने ओल्गा टेलिस खटल्यात सांगितलं की जगण्याच्या हक्कात पोट भरण्याचा हक्क येतो. फार मोठं वाक्य. आणि त्याच निकालात फुटपाथवरच्यांना उठवायला परवानगीही दिली, फक्त पावसाळा जाऊ द्या म्हणून. पर्यायी जागा कुणाला? १९७६ च्या गणनेत ज्यांना ओळखपत्र मिळालं त्यांना. हक्क सगळ्या माणसांचा, पण अंमल तारखेआधीच्यांचा!

यावर आपल्यातलेच शहाणे म्हणतात, "तारीख नको म्हणता, मग उद्या सगळा देश पुण्यात येऊन झोपड्या टाकेल." हा युक्तिवाद मी गंभीरपणे घेतो, म्हणून उत्तरही नीट देतो. झोपडी टाकायला माणूस तारीख बघून येत नाही. दुष्काळ बघून येतो, गावचा जाच बघून येतो, काम बघून येतो. या शहराला बिगारी हवा, सफाईवाली हवी, भाजीची पाटी हवी, वॉचमन हवा. तो रात्री झोपेल कुठे, हा प्रश्न त्याला कामाला लावणाऱ्या शहराने सोडवायचा होता. आणि तारखेची एवढीच निष्ठा असेल तर गुंठेवारीचं काय? २००१ साली कायदा करून बेकायदा गुंठेवारीची बांधकामं नियमित करायला सुरुवात केली, आणि २०२१ साली ती मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंत आणली. तिथे पैसे भरा आणि कायदेशीर व्हा. म्हणजे २०२० साली नियम मोडून सिमेंटचं घर बांधणारा 'नियमित', आणि २०१२ साली पत्रा ठोकणारा 'अपात्र'. एकच राज्य, एकच विधानसभा. सिमेंटला आठ वर्षांची जास्त माया आणि पत्र्याला बुलडोझर. कायदा आंधळा असतो म्हणतात. हाताने चाचपून विटा आहेत का पत्रा आहे ते त्याला बरोबर कळतं.

हा खेळ जुना आहे. १९२१ साली टाटांच्या धरणासाठी मुळशी पेट्यातल्या गावांची जमीन घेतली. सेनापती बापटांचा सत्याग्रह सगळ्यांना माहीत असतो. पण पुष्कळ जमिनी कागदावर पुण्याच्या सावकारांच्या होत्या आणि कसणारे मावळे कूळ होते, हे कमी सांगितलं जातं. भरपाई कागदावरच्या नावाला गेली, पाणी कसणाऱ्याच्या चुलीत शिरलं. आपल्या बापजाद्यांची तर गोष्टच वेगळी. त्यांच्याकडे कागदावर जमीन होती ती वतनाची, म्हणजे गावकीच्या गुलामीच्या बदल्यात. कागदाने आपल्याला ओळखलं ते राबवायला. हक्क द्यायच्या वेळी कागद गायब.

कुणी म्हणेल, मग तुमचं म्हणणं आहे की वस्तीतून हलायचंच नाही? ओढ्याच्या घाणीत राहायचं? नाही. हलण्याला आपला विरोध असता तर आपण गाव सोडून आलोच नसतो. बाबासाहेबांनी आपल्याला गावकुसाबाहेरच्या जागेवर प्रेम करायला शिकवलं नाही. १९४२ साली नागपूरच्या परिषदेत अस्पृश्यांच्या स्वतंत्र वसाहतींची मागणी झाली. १९४७ साली 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये त्यांनी ती घटनेच्या भाषेत मांडली. एक सेटलमेंट कमिशन असावं. पडीक सरकारी जमीन त्याच्या ताब्यात विश्वस्त म्हणून असावी. हिंदू गावांपासून स्वतंत्र अशी अनुसूचित जातींची गावं वसवावीत. केंद्र सरकारने त्यासाठी दरवर्षी पाच कोटी रुपये बाजूला काढावेत. १९४७ चे पाच कोटी!

म्हणजे पुनर्वसनाची कल्पना बाबासाहेबांचीच होती. पण तिची दिशा बघा. हलायचं की नाही हे आपण ठरवायचं. जमीन मिळणार म्हणजे पोटाची सोय आधी. पूर्ण समाजाने जायचं, त्यातला तारखेआधीचा तुकडा निवडून नाही. आणि हेतू एकच, गावाच्या सत्तेतून सुटका. आजच्या ऑफिसात यातलं काय उरलंय? कमिशनच्या जागी बिल्डर, जमिनीच्या जागी चौरस फूट, समाजाच्या जागी अनुक्रमांक. सुटकेच्या जागी सुटका हवीय ती शहराला, आपल्यापासून.

आता करायचं काय. भाषण पुरे, कामं सांगतो.

एक. वस्तीची यादी वस्तीनेच करायची, कुठलीही स्कीम यायच्या आधी. झोपडीप्रमाणे नाही, चुलीप्रमाणे. पोटमाळा, भाडेकरू, परित्यक्ता, एकटी म्हातारी, सगळे. कोण कधी आलं, कुठून, काय काम करतं, ते शेजाऱ्यांच्या सह्यांनिशी. दरवर्षी २६ नोव्हेंबरला बुद्धविहारापुढे ती मोठ्याने वाचायची. ज्याचं नाव सुटलं तो तिथेच उभा राहून सांगेल. या वहीला आज कायद्याची किंमत नसेल. पण सर्व्हेवाला येईल तेव्हा त्याच्या यादीला तोलायला आपल्या हातात काहीतरी असेल.

दोन. कागद वाचवा. ओढ्याकाठच्या प्रत्येक घराच्या कागदांच्या प्रती वस्तीबाहेरच्या एखाद्या कार्यकर्त्याच्या घरी ठेवा. मोबाईलमध्ये फोटो ठेवा. पुरात पेटी गेली तरी माणूस जाता कामा नये.

तीन. संमती हीच आपली एकुलती एक ताकद आहे, आणि आपण ती सगळ्यात आधी आणि सगळ्यात स्वस्तात देतो. आधी परिशिष्ट दोन दाखवा, अपात्रांचं काय करणार ते लेखी सांगा, मग सही. माहितीचा अधिकार २००५ पासून आहे. फाइल मागा, नकाशा मागा, करारनामा मागा.

चार. एकही चूल वजा होणार असेल तर पात्रांनी किल्ली घ्यायची नाही. हे बोलायला सोपं आणि करायला महाकठीण, मला माहीत आहे. भाड्याच्या खोलीत तीन पावसाळे काढलेल्या माणसाला किल्ली नाकार म्हणणं क्रूर वाटतं. म्हणून हे किल्लीच्या दिवशी सांगू नका. सर्व्हेच्या आधी सगळ्यांकडून ठरवून घ्या.

पाच. जो बिल्डरसाठी संमतीपत्रं गोळा करतो त्याने आपल्या संघटनेच्या खुर्चीवरून उठावं. मग तो कितीही जुना असो, नामांतराच्या लढ्यात जेलमध्ये गेलेला असो. जेलचं व्याज असं खाता येत नाही.

तारीख रद्द करा, ही मागणी आपल्या जाहीरनाम्यांत कुठेच नाही. तारीख पुढे ढकला, एवढंच आहे. पुढे ढकललेली तारीख म्हणजे पुढच्या पिढीचा अपात्र. घटनेच्या एकोणिसाव्या कलमात भारतात कुठेही राहायचा आणि स्थायिक व्हायचा हक्क लिहिला आहे, आणि त्यापुढे 'अमुक तारखेपूर्वी आल्यास' असं बाबासाहेबांनी लिहिलेलं नाही.

पुढच्या महिन्यात ज्यांच्या वस्तीत सर्व्हे आहे त्यांनी आजच वही घ्यावी. दोनशे पानी पुरेल. पहिल्या पानावर त्याचं नाव लिहा ज्याच्याकडे एकही कागद नाही.

जय भीम.